लंगोटावरचा पिवळा डाग



मागच्या अंकात लग्नातल्या मानपानावर लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली, काही रागाचीही आली. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून कागद घेऊन बसले होते, पण मधेच घरात असे काही झाले की तो विषय बाजूला ठेवावा लागला. पत्रे जपून ठेवली आहेत. पुढच्या वेळी बघू.

आमच्या पुतण्याच्या घरी मुलगा झाला. भरपावसात झाला. अकीका होऊन गेला, गोश्त वाटून झाले, आणि मी सतराव्या दिवशी निवांत बाळाला बघायला गेले. बाळ गुटगुटीत, दूध छान पिणारे. मांडीवर घेऊन खिडकीजवळ गेले तर डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. विचारले, तर घरातली मोठी माणसे म्हणाली, “कावीळ आहे थोडी, सगळ्यांनाच होते. या पावसात ऊन कुठे मिळतंय? ऊन पडलं की जाईल.”

मी विचारले, “शी कसल्या रंगाची होते?”

सगळ्या हसल्या. सुनेने लाजून सांगितले, “पिवळीच होते मोठ्या अम्मी.” मला धीर निघेना. मी स्वतः डायपर सोडून बघितले. मोहरी वाटल्यासारखी पिवळी शी होती. तरीही मी हट्ट धरला, की आजच्या आज बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन रक्त तपासा. जाऊबाईंना ते आवडले नाही. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला बाहेर काढायचे नाही, ही त्यांची रीत. पुतण्याने मात्र गाडी काढली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, काळजीचे कारण नव्हते. आईच्या दुधावरच्या बाळांची कावीळ कधी कधी लांबते, तशी ती होती. अल्हम्दुलिल्लाह.

सून नंतर हळूच म्हणाली, “तुम्ही एवढ्या का घाबरलात? तुमचे हात कापत होते.”

तिला माहीत नव्हते. या घरात लग्न होऊन आलेल्या कुणालाच माहीत नाही. आमची एक मुलगी होती.

*

नोव्हेंबर 1999 च्या अखेरीस ती झाली. माहेरी झाले बाळंतपण, पावणेतीन किलोची होती. मोठा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. तिच्या अब्बांचे टेलरिंगचे दुकान. त्यांनी निरोप मिळाला त्याच रात्री मशीनवर बसून चार झबली शिवली. सातव्या दिवशी अकीका केला, एक बकरा. उतरवलेल्या केसांच्या वजनाची चांदी खैरात केली, ती इतकी थोडी भरली की सोनाराने तराजूत टाकताना फुंकर मारू नका म्हणून सांगितले.

तिसऱ्या दिवशी ती पिवळी दिसायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, काही नाही, निम्म्याहून जास्त बाळांना होते. ते खरेच आहे. दोन आठवड्यांत ही कावीळ बहुतेक बाळांची आपोआप जाते. आमच्या मुलीची कमी झाली, पण गेली नाही. आणि पंधरावा दिवस उलटला तेव्हा रमजान सुरू झाला होता. घरात सगळ्यांचे रोजे, सहरीची गडबड, इफ्तारची गडबड. “ईद होऊ दे, मग दाखवू.” हे वाक्य कोण पहिल्यांदा बोलले ते आता आठवत नाही. मीच बोलले असेन.

तिची शी पांढरट होत असे. शाडूच्या मातीसारखी. मी अम्मीला दाखवली होती. अम्मी म्हणाली, “दूध पांढरं, मग शी कसली होणार?” मला पटले. आणि लंगोटावर लघवीचा पिवळा डाग पडे, हळद लागल्यासारखा, धुऊनही जाईना. तेव्हा डायपर नव्हते आमच्याकडे, जुन्या सुती साड्यांचे लंगोट असत. दोरीवर वाळत घातलेले ते पिवळे डागांचे लंगोट रोज डोळ्यांसमोर होते. दिसत होते, पण कळत नव्हते.

म्हणून आता थोडे थांबून समजेल असे लिहिते, कारण हे मला कुणी तेव्हा सांगितले असते तर.

आपल्या यकृतात पित्त तयार होते आणि नळ्यांतून आतड्यात उतरते. शीला पिवळा, हिरवट, तपकिरी रंग येतो तो या पित्तामुळे. काही बाळांच्या या पित्तनळ्या जन्माच्या सुमारास बंद होत जातात. पित्ताला वाट मिळत नाही. शीचा रंग जातो, ती खडूसारखी, मातकट पांढरी होते. आणि जे रंगद्रव्य खाली उतरायचे ते रक्तात साठून लघवीतून बाहेर पडते. नवजात बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी, ती गडद पिवळी होते. बाळ मात्र सुरुवातीला हसते, खेळते, दूध पिते, वजन वाढवते. त्यामुळे कुणाला शंका येत नाही. आत यकृत खराब होत राहते. या आजाराला बिलिअरी अॅट्रेसिया म्हणतात. फार थोड्या बाळांना होतो, दहा-पंधरा हजारांत एखाद्या. का होतो ते डॉक्टरांनाही अजून पुरते उलगडलेले नाही. आईने गरोदरपणात काय खाल्ले, काय केले, याच्याशी त्याचा संबंध नाही.

यावर शस्त्रक्रिया आहे. जपानच्या मोरिओ कासाई नावाच्या सर्जनने 1955 मध्ये पहिल्यांदा केली, म्हणून तिला कासाई शस्त्रक्रिया म्हणतात. बंद नळ्या काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. पण ती वेळेत करावी लागते. बाळ दोन महिन्यांचे व्हायच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त असते. नंतर दर आठवड्याला कमी होत जाते.

साठ दिवस. आमची साठ दिवसांची वाट कशी गेली ते बघा. पंधरा दिवस साधी कावीळ म्हणून. महिना रमजानचा. ईद आली जानेवारी 2000 च्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा मी सव्वा महिना पुरा करून सासरी आले होते. ईदला तिला अब्बांनी शिवलेला गुलाबी फ्रॉक घातला आणि स्टुडिओत नेऊन फोटो काढला. तिचा तेवढा एकच फोटो आहे. फोटो हातात आला तेव्हा चेहरा पिवळा दिसत होता. फोटोवाल्याने रंग बिघडवला म्हणून आम्ही त्याच्याशी भांडून पाच रुपये कमी दिले.

ईदनंतर गावातल्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी टॉनिक दिले. मग कुणी काविळीची माळ आणली, ती गळ्यातून खाली पायापर्यंत उतरली की कावीळ उतरली म्हणायचे. एका बुजुर्गांकडून पाणी दम करून आणले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी बाळासाठी दुआच केली. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट मोकळा सोडून तवक्कुल करणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले होते. इलाज करा असेही सांगितले होते. आम्ही दुआ केली आणि उंट बांधायचा राहिला.

पोट फुगायला लागले तेव्हा पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नेले. अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता. तिथल्या डॉक्टरांनी लंगोट मागवला. रक्त नाही, कागद नाही, आधी लंगोट. बघितला आणि मान खाली घालून म्हणाले, “हा कधीपासून असा आहे?”

शस्त्रक्रिया झाली. बहिणींनो, नवव्या की दहाव्या दिवशी तिने पिवळसर शी केली, आणि तिचे अब्बा तो लंगोट घेऊन वॉर्डातल्या सिस्टरला, आयाला, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसांना दाखवत फिरले. सगळ्यांनी मुबारकबाद दिली. शेजारच्या खाटेवरच्या लिंगायत आजीने साखर वाटली. तीन आठवडे असे गेले. मग ताप यायला लागला, शीचा रंग पुन्हा उडाला. ताप, दवाखाना, घर, पुन्हा ताप. ऑगस्टमध्ये ती गेली. साडेआठ महिन्यांची होती. एक दात आला होता.

*

लोकांनी सांत्वन केले. अल्लाहची अमानत होती, अल्लाहने नेली, हे तर माझा ईमानच आहे, त्याला मी काय बोलणार. पण पहिल्या दिवशीच सांगतात, की रडू नका, मय्यतीला त्रास होतो. दुसरे होईल म्हणतात. आणि एकीने तर मला जवळ घेऊन, अगदी मायेने सांगितले, “बरं झालं, मुलगीच होती.” मी तिला तेव्हा काही बोलले नाही, पण तिच्या घरी आजवर पाणी प्यायले नाही. अल्लाह मला माफ करो.

मी रडले नाही. सब्र म्हणजे गप्प बसणे असे मला वाटे. मुलांच्या अब्बांनी तिसऱ्या दिवशी दुकान उघडले. ‘अल्लाहची मर्जी’ एवढेच बोलले आणि मशीनवर बसले. मला राग आला होता त्यांचा. एवढ्या सहज कसे सोडून दिले यांनी? पुढे आणखी एक मुलगा झाला, घर बांधले, सासू-सासरे गेले, नातवंडे आली. तिचे नाव आम्ही दोघांनी एकमेकांसमोर कधी घेतले नाही.

सुनेने विचारले त्या रात्री मी जेवण वाढताना त्यांना म्हटले, “पुतण्याच्या बाळाची शी पिवळी आहे.” ते जेवायचे थांबले. मग म्हणाले, “मी डॉक्टरांना माझं यकृत घ्या म्हणून सांगितलं होतं.”

मला काही कळेना. ते सांगू लागले. पुण्याचे डॉक्टर एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, की शस्त्रक्रिया चालली नाही तर एकच उपाय राहतो, यकृताचे प्रत्यारोपण. नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीत याच आजाराच्या एका बाळाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसवून वाचवले होते. आपल्या देशात ते पहिल्यांदाच झाले होते. हे ऐकल्यावर यांनी शर्टाचे बटण काढून पोट दाखवले म्हणे, माझे घ्या म्हणून. डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला. दुकान, घर आणि माझे दागिने मिळून त्याच्या जवळपासही गेले नसते. तरी ते दोन सावकारांकडे जाऊन आले होते. मला सांगितले नाही, कारण मग मला वाटत राहिले असते की पैशाअभावी गेली.

चोवीस-पंचवीस वर्षे मी या माणसावर मनातल्या मनात रागावले होते.

मग मीही सांगून टाकले. 11 ऑगस्ट 1999 ला सूर्यग्रहण होते, तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. टीव्हीवर दिवसभर तेच चालले होते. आमच्याकडे ते संध्याकाळी दिसले. मला सहावा महिना लागत होता. सासूबाईंनी सांगितले होते, आत बैस, कापाकापी करू नकोस. मी शिकलेली, मला ते हसू आले. मी विळी घेऊन दोडके चिरले. मुलगी गेल्यावर कुणी मला बोलले नाही, पण सासूबाई एकदाच विळीकडे बघून माझ्याकडे बघितल्या. तेव्हापासून मी ती विळी वापरली नाही. माझ्या मनात पक्के बसले होते, माझ्यामुळे गेली. पुढच्या मुलाच्या वेळी तर साध्या चंद्रग्रहणातही मी हात जोडून कोपऱ्यात बसले होते. शाळेत शिकवणारी मी, मुलांना ग्रहण कसे होते ते चेंडू आणि बॅटरी घेऊन दाखवणारी.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हुजूरांचे साहबजादे गेले त्या दिवशी काय झालं होतं, विसरलीस?”

विसरले नव्हते, लहानपणी मदरशात ऐकले होते. पण माझ्या विळीशी ते कधी जोडले नव्हते. हजरत मारिया (रजि.) यांच्यापासून झालेले प्रेषितांचे पुत्र इब्राहीम दीड वर्षाच्या आसपासचे असताना आजारी पडून गेले. हुजूरांनी त्यांना शेवटच्या घटकेला मांडीवर घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. सहाबींना नवल वाटले. तेव्हा आपण सांगितले, की ही तर दया आहे, डोळे रडतात, मन दुःखी होते, फक्त जिभेने अल्लाहला नाराज करणारे काही बोलू नये. आणि त्याच दिवशी, इ.स. 632 मध्ये, मदिनेत सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळा झाला. एखाद्या दुःखी बापाला हे किती बरे वाटले असते. पण आपण नमाज पढवून लोकांना सांगितले, की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कुणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही.

“मूल गेल्याने ग्रहण लागत नाही, तर ग्रहणाने मूल कसं जाईल?” ते म्हणाले. टेलर माणूस, सातवी शिकलेला. मी त्या रात्री पहिल्यांदा रडले.

मग आणखी एक प्रसंग आठवला, तो मी कितीतरी वेळा बायकांच्या इज्तिमात ऐकला असेल. बायकांनी हुजूरांकडे तक्रार केली की पुरुषच सगळा वेळ घेतात, आमच्यासाठी एक दिवस ठेवा. आपण दिवस ठरवून दिला, आणि त्या दिवशी इतर गोष्टींबरोबर हेही सांगितले, की जिची तीन मुले आधी जातात तिच्यासाठी ती आगीपासून आड होतील. तेव्हा एका बाईने विचारले, दोन गेली असतील तर? आपण म्हणालात, दोन असली तरी. इज्तिमात यावर सवाबाचे बयान होते. माझे लक्ष मात्र आता त्या विचारणाऱ्या बाईकडे जाते. तिची दोन गेली असतील का? किती दिवस ती गप्प बसली असेल?

*

विषयाला सोडून गेले. कामाचे राहिले ते लिहिते.

बाळ पंधरा दिवसांनंतरही पिवळे असेल तर त्याला ऊन दाखवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या रिपोर्टात बिलिरुबिनच्या टोटल, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशा ओळी असतात. सगळे टोटल बघतात. तुम्ही डायरेक्टची ओळ विचारा. ती एकच्या वर असेल तर पुढचा तपास लगेच व्हायला हवा. ऊन आणि निळ्या दिव्याचा त्या काविळीला उपयोग नाही. डायपर घालत असाल तर दिवसातून एकदा तरी पांढरा सुती कपडा बांधा, कारण डायपर लघवी शोषून घेतो आणि रंग कळत नाही. शी दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटमध्ये नको. सरकारी नियमाने आशाताई चौदाव्या दिवशी बाळाला बघायला घरी येते, त्यानंतर एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिला चहा देऊन वाटेला लावू नका, लंगोट दाखवा. तैवानमध्ये 2004 पासून प्रत्येक बाळाच्या पुस्तिकेत शीच्या रंगांचे चित्र छापतात, आईने रंग जुळवून बघायचा. आपल्या सासवा दोरीवरच्या लंगोटांकडे बघून सुनेची स्वच्छता जोखतात, त्याच नजरेने रंगही बघतील तर बरे होईल.

आणि ज्यांचे बाळ गेले आहे त्यांच्याकडे जाल तेव्हा बाळाचे नाव घ्या. मी इथे माझ्या मुलीचे नाव लिहीत नाही, ते आमच्या घरापुरते असू द्या. पण परवा थोरल्या मुलाला तिचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, “हिच्या पायाला मी गुदगुल्या करायचो.” तीन वर्षांचा होता तो. त्याला आठवत होते, आणि आम्ही त्याला कधी विचारलेच नाही.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, त्या वादात मी पडत नाही. तिला घेऊन गेले तेव्हा मी दारापर्यंतच गेले होते. डोला लागला नाही, तिचे अब्बा तिला हातांवर घेऊन गेले. आता त्यांनी मला सांगितले, की कफन त्यांनीच कापले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कापड कापून त्याला टाका घातला नाही. कफनाला शिलाई नसते. जनाजाच्या नमाजीत लहान मुलासाठी माफीची दुआ मागत नाहीत, त्याने काही गुन्हाच केलेला नसतो. तिने पुढे जाऊन आई-बापासाठी शिफारस करावी अशी दुआ मागतात. ते म्हणाले, ती दुआ त्यांना अर्धीच पढता आली.

मी विचारले, “कुठे आहे ती?”

शब-ए-बारातला दरवर्षी ते उशिरा घरी येत, मित्रांबरोबर थांबले असतील असे मी समजत असे.

गेल्या जुम्म्याला असरनंतर आम्ही गेलो. मी फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उभी राहिले. पाऊस उघडला होता, आत गवत गुडघ्याइतके वाढलेले. लहान मुलांच्या कबरींवर आता काही खूण उरलेली नाही, जुनी भिंतही पाडून नवी बांधली आहे. “पाण्याच्या टाकीपासून अकरा पावलं,” ते म्हणाले, “माझी पावलं.” टाकीला पाठ लावून उभे राहिले आणि चालायला लागले. मी बाहेरून त्यांच्याबरोबर मोजत होते. गुडघे दुखतात त्यांचे हल्ली, पावले लहान पडतात, म्हणून अकरानंतर आणखी दोन टाकली आणि थांबले. मग वळून त्यांनी हात वर केला, इथे म्हणून.